दान नाही, निदान नकार तरी

रविवारी सकाळी साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान बेल वाजली, की मध्यमवर्गीय मराठी घरात एकाएकी लष्करी शिस्त येते. टीव्हीचा आवाज बंद होतो. पेपरचं पान अर्धं उलटलेलं तसंच राहतं. कोणीतरी चवड्यांवर चालत जाऊन दाराच्या भिंगाला डोळा लावतं आणि मागे वळून, आवाज न करता, फक्त ओठ हलवून सांगतं, "गळ्यात आयकार्ड आहे." मग घरात कोणीच नाही असं भासवण्याचं काम सगळं कुटुंब एकदिलाने करू लागतं. एरवी ज्या घरात भाजी कोणती करायची यावर एकमत होत नाही, तिथे हे घडतं. आणि नेमक्या त्याच क्षणी कुकरची शिट्टी होते. आता दार उघडण्यावाचून गत्यंतर नसतं, कारण रिकाम्या घरात डाळ शिजत नाही हे बाहेर उभ्या असलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

खरं तर दारावर मागायला येणाऱ्यांची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव भल्या पहाटे यायचा, सुपातलं धान्य झोळीत घ्यायचा आणि ते कोणकोणत्या देवाला पावलं याची यादी तिथल्या तिथे गाऊन दाखवायचा. पावती तोंडी असे, पण सविस्तर असे. शनिवारी शनीच्या नावाने तेल मागणारा येई. पोतराज तर स्वतःच्याच अंगावर आसूड ओढत अंगणात उभा राही, त्यामुळे त्याला "पुढच्या महिन्यात या" असं सांगायची कोणाची छाती होत नसे.

दर महिन्याला, दर आठवड्याला, ठरवून देणं हाही काही आजचा शोध नाही. पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवायची. सात घरांनी आठवड्याचा एकेक वार उचललेला असे आणि मुलगा त्या वारी त्या घरच्या पंगतीला हजर असे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी मुष्टिफंड सुरू केला. घरच्या बाईने रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढायची, बस्स. त्या मुठीला ना ओटीपी लागत होता, ना पॅनकार्ड. अंताजी दामोदर काळे यांनी तर प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा अशी कल्पना काढून पैसा फंड उभारला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. रुपयाचे चौसष्ट पैसे होते तो हा काळ. म्हणजे एक रुपया टाकला की चौसष्ट वर्षांची वर्गणी आगाऊ भरून मोकळं होता येत होतं. तरीसुद्धा त्या वेळी अनेक जण "घरात विचारून सांगतो" असं म्हणाले असतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि नंतर आयुष्यभर वर्गणीसाठी पायपीट केली. पंचाहत्तरी उलटल्यावर, १९३६ मध्ये, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी आणखी एक मंडळ काढलं आणि पुन्हा लोकांच्या दारात उभे राहिले. ते एकशेचार वर्षं जगले. वर्गणी मागत हिंडण्याने संस्थेचं काय होतं ते असो, प्रकृतीला ते मानवतं एवढं तरी यावरून सिद्ध होतं.

त्या काळात दारात उभा असलेला माणूस आणि त्याचं काम ही एकच गोष्ट होती. महर्षी कर्व्यांना "तुमचा प्रशासकीय खर्च किती टक्के?" असं विचारायची सोय नव्हती. प्रशासन समोरच उभं होतं आणि त्याच्या पायातली झिजलेली वहाण दिसत होती.

मग मंडळं आहेत. गणेशोत्सवाच्या आधी पावतीपुस्तक घेऊन येणारी पाच-सहा पोरं हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा कणा आहे. यातला एक जण बोलतो, एक पावती लिहितो, एक मागच्या पावत्यांच्या स्थळप्रती चाळतो आणि बाकीचे नुसते उभे राहतात. नुसतं उभं राहणं हेच त्यांचं काम असतं. "काका, गेल्या वर्षी पाचशे एक होते," असं सांगताना गेल्या वर्षीची रक्कम ही जणू तुमची रक्तगट-नोंद आहे, ती कमी होऊच शकत नाही, असा त्यांचा सूर असतो. शेजाऱ्यांची पावती तुम्हाला दिसेल अशा बेताने पान उघडं ठेवलेलं असतं. शेजारी एक हजार एक रुपये देतात हे वाचून तुमचा हात आपोआप खिशाकडे जातो. शेजाऱ्यांकडे तुमच्या नावाची तेवढ्याच रकमेची पावती दाखवली होती, हे तुम्हाला विसर्जनानंतर कळतं.

अशी वर्गणी गोळा करायला मंडळाला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यात त्यासाठी ४१ क हे कलम आहे. पण दारात सहा पोरं उभी असताना "तुमची ४१ क ची परवानगी दाखवा" असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. जे म्हणू शकतात ते वकील असतात, आणि वकील बहुधा मंडळाचे सल्लागार असतात.

तरी मंडळाच्या पोरांचं एक बरं असतं. ती वर्षातून एकदा येतात, रोख घेतात आणि जातात. पुढचे दहा दिवस दिलेल्या पैशांचा आवाज आपल्या कानांवर पडत राहतो, त्यामुळे हिशेब मागावा लागत नाही.

आता जो गळ्यात आयकार्ड घालून येतो, त्याची जात वेगळी. अंगात संस्थेच्या रंगाचं जाकीट, पाठीला सॅक, एका हातात टॅब आणि दुसऱ्या हातात लॅमिनेट केलेल्या फोटोंची फाइल. सोसायटीच्या फाटकावर "विक्रेते व देणगी मागणारे यांस सक्त मनाई" असा फलक असतो. पण वॉचमनला त्याच्या गावाचं नाव विचारून, "मीपण तिकडचाच" असं म्हणून तो आत आलेला असतो. फाटकावरच्या वहीत "कोणाकडे" या रकान्यात "सर्व" असं लिहिलेलं सापडतं.

"काका, फक्त दोन मिनिटं," इथून सुरुवात होते. ही दोन मिनिटं कोणत्या घड्याळाची असतात हे कळायला मार्ग नाही. मग तो प्रश्न विचारू लागतो. प्रत्येक मुलाला शिकायला मिळायला हवं असं तुम्हाला वाटतं ना? आता याला "नाही" म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आपण "हो" म्हणतो. कुपोषण थांबायला हवं ना? हो. वाघ वाचायला हवेत ना? वाघाने आपल्याला कधी काही विचारलेलं नसतं, तरी आपण "हो" म्हणतो. चार वेळा हो म्हटल्यावर पाचवा प्रश्न येतो, "काका, तुमचं खातं कोणत्या बँकेत आहे?" आणि तोंडाला होकाराची इतकी सवय झालेली असते की माणूस बँकेचं नाव सांगून बसतो.

मग गणित सुरू होतं. महिन्याला आठशे रुपये. "काका, दिवसाचे फक्त सत्तावीस." दिवसाचे सत्तावीस म्हटलं की आपण एकदम उदार होतो. पण आपण मराठी माणसं, गणितात मार खाल्लेला असला तरी हिशेबात खात नाही. मनातल्या मनात बाराने गुणून आपण नऊ हजार सहाशेवर पोचतो आणि चेहऱ्यावरचं वाघाविषयीचं प्रेम ओसरू लागतं. अशा वेळी घरातला पुरुष एक शौर्याची गोष्ट करतो. आत जातो, कपाटातून पाचशेची नोट काढतो, आतून आलेल्या "कशाला?" या प्रश्नाकडे दुर्लक्ष करतो आणि ती नोट पुढे करतो. आपल्या औदार्याने आपलेच डोळे पाणावलेले असतात.

आणि तो मुलगा म्हणतो, "नाही काका, रोख चालत नाही. एकदाच नको. महिन्याला द्या."

मराठी माणसाचा एवढा मोठा अपमान दुसरा नाही. त्याच्याकडे पैसे मागा, त्याला राग येत नाही, तो नाही म्हणायच्या वाटा शोधतो. पण त्याने स्वतःहून काढलेले पाचशे रुपये परत करा, तो आयुष्यभर विसरत नाही. आमच्या मजल्यावरचे एक काका त्या नोटेची गोष्ट अजून लग्नकार्यात सांगतात. गोष्टीतली रक्कम दर मुहूर्ताला वाढत गेली आहे. सध्या ती दोन हजारांवर येऊन थांबली आहे, कारण त्यापुढच्या रोख देणगीला आयकरातली ८०-जीची सूट मिळत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

त्या पोराची बाजूही समजून घ्यायला हवी. संस्थेला शाळेच्या बाईंचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. बाईंचं पोट काही दिवाळीपुरतं आणि पुरापुरतं नसतं. टीव्हीवर पुराची दृश्यं दिसली की देणग्यांचाही पूर येतो आणि पाणी ओसरलं की तोही ओसरतो. म्हणून महिन्याला ठरावीक रक्कम हवी, ती न विसरता हवी, आणि माणूस विसरतोच, म्हणून थेट बँकेतून हवी. एकदा मँडेटवर सही झाली की पैसे आपोआप वळते होतात. २०२० पासून यूपीआयवरही ऑटोपेची सोय झाली. मुष्टिफंडाचीच ही पुढची आवृत्ती, फक्त मूठ आपली राहिलेली नाही.

आता नकारांकडे येऊ. दान देण्याचे प्रकार शास्त्रांनी सांगितले आहेत, सात्त्विक, राजस, तामस वगैरे. न देण्याचे प्रकार मात्र कोणी नीट लिहून ठेवलेले नाहीत. वास्तविक आपली खरी प्रतिभा तिथेच आहे.

पहिला प्रकार, "साहेब घरी नाहीत." हे साहेब स्वतःच सांगतात, बनियनवर. दुसरा, "आम्ही भाडेकरू आहोत." वीस वर्षं सोसायटीच्या कमिटीवर असलेला, पार्किंगच्या एका फुटासाठी उपनिबंधकांपर्यंत गेलेला गृहस्थ देणगीवाला दिसताच एका क्षणात मालकी हक्क सोडून देतो. तिसरा, "आमचं एका ठिकाणी चालू आहे." काय चालू आहे, कुठे, केव्हापासून, हे विचारलं की "ते असं सांगायचं नसतं, या हाताचं त्या हाताला" वगैरे उत्तर मिळतं. दोन्ही हातांना काही माहीत नसतं, हा भाग वेगळा. चौथा, "पैशांचं सगळं मुलगा बघतो, तो अमेरिकेत असतो." यावर हुशार पोरगा म्हणतो, "त्यांचा नंबर द्या ना." मग वडिलांना आठवतं की तिकडे आता रात्र आहे.

पाचवा प्रकार तात्त्विक. "हे सरकारचं काम आहे, आम्ही टॅक्स भरतो ना!" हा गृहस्थ पाऊण तास राज्यघटना, परदेशातलं कल्याणकारी राज्य आणि रस्त्यावरचे खड्डे यांवर बोलतो. बोलणं संपल्यावर पोरालाच वाटतं की आपण सरकारतर्फे आलो आहोत आणि यांची माफी मागायला हवी.

सहावा प्रकार सर्वांत भयंकर, कारण तो आशा लावतो. हे बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी असतात. ते दार पूर्ण उघडतात, खुर्ची देतात, चष्मा लावतात आणि विचारतात, "नोंदणी क्रमांक? लेखापरीक्षण अहवाल? १२-ए आहे का? ८०-जीचं प्रमाणपत्र? शंभरातले मुलांपर्यंत किती जातात?" पोरगा फाइल काढून दाखवतो. ते एकेक कागद उजेडात धरून वाचतात, एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक दाखवतात आणि शेवटी म्हणतात, "कागदपत्रं उत्तम आहेत. शाब्बास. पण मी नवीन कररचना घेतली आहे." नव्या कररचनेत ८०-जीची वजावट मिळत नाही, हे खरं. पण मुलांची वही-पुस्तकं आणि त्यांची कररचना यांचा संबंध काय, हा प्रश्न त्या पोराच्या चेहऱ्यावर येतो आणि तसाच लिफ्टने खाली जातो.

या सगळ्यांच्या वर आहे "बघू." बघू, कळवतो, उद्या या, पुढच्या आठवड्यात नक्की. नकार देणं असभ्य आणि होकार देणं महाग, म्हणून आपण "बघू"च्या कट्ट्यावर जाऊन बसतो. आपल्याला वाटतं आपण त्या पोराचं मन राखलं. पोरगा पुढच्या आठवड्यात खरंच येतो. पुन्हा तेच नाटक, पुन्हा कुकर.

काही जण मात्र फसतात, म्हणजे होकार देतात. त्यांची कथा पुढे सुरू होते. वाढदिवसाला सगळ्यांत पहिला शुभेच्छांचा मेसेज सख्ख्या भावाचा न येता संस्थेचा येतो. मार्च आला की एक गोड आवाज विचारतो, "सर, या वर्षी रक्कम थोडी वाढवायची का?" आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या खात्यात एका महिन्यात पुरेसे पैसे नव्हते. मँडेट परत गेलं आणि बँकेने त्याबद्दल दंड कापला. दान करायला पैसे नव्हते म्हणून त्यांना बँकेला पैसे द्यावे लागले. त्यांनी संतापून देणगी बंद करायचं ठरवलं. खरं म्हणजे मँडेट बंद करणं फार अवघड नाही, यूपीआयचं असेल तर ॲपमधूनच होतं. पण त्यांनी संस्थेला फोन केला. पलीकडून मुलीने अगदी शांतपणे विचारलं, "ठीक आहे सर, कारण काय लिहू?" गृहस्थांना कारण सुचेना. त्यांनी फोन ठेवला आणि रक्कम दोनशेने वाढवून घेतली.

या सगळ्यात एक व्यक्ती मात्र वेगळं वागते. घरातली बाई. ती फोटोंकडे बघत नाही, टॅबकडे बघत नाही, पोराच्या चेहऱ्याकडे बघते आणि विचारते, "जेवलास का रे?" पुढच्या पाच मिनिटांत तो सोफ्याच्या टोकावर बसून पोहे खात असतो आणि त्याचा सगळा इतिहास बाहेर येतो. गाव मराठवाड्यातलं, राहायला सहा जणांत एक खोली, एमपीएससीचा अभ्यास चालू. तो संस्थेचा माणूस नाही. संस्थेने हे काम एका एजन्सीला दिलेलं आहे आणि तो एजन्सीचा नोकर आहे. आठवड्याचं टार्गेट असतं. ते झालं नाही तर दुसरी नोकरी शोधायची, बहुतेक क्रेडिट कार्डं विकायची. पाचशेची रोख नोट त्याच्या टार्गेटमध्ये मोजली जात नाही, म्हणून त्याने ती परत केली. त्यात काकांचा अपमान करण्याचा हेतू नव्हता, पण काकांना हे कोणी सांगत नाही, कारण त्यांची गोष्ट बिघडेल.

पोहे संपवताना तो जे सांगतो ते ऐकण्यासारखं असतं. त्याला "नाही"चा त्रास होत नाही. दार तोंडावर आपटलं तरी तो दोन पायऱ्या उतरेपर्यंत विसरतो. त्याचा दिवस खातात ते "बघू" म्हणणारे, खुर्ची देणारे आणि कागद उजेडात धरणारे. सरळ नाही म्हटलं असतं, तर तेवढ्या वेळात तो आणखी चार घरं फिरला असता आणि त्यातल्या एकाने कदाचित खरंच सही केली असती. म्हणजे त्याचं मन राखायला म्हणून आपण जी सभ्यता दाखवतो, तिचे पैसे त्याच्या पगारातून जातात.

दारात दान देऊच नये, असं यावरून कोणी समजू नये. पण दारातल्या दोन मिनिटांत, कुकरवर एक कान ठेवून, वाघ आणि शाळा यांतून निवड करण्यात अर्थ नाही. पाडव्याला किंवा मार्चच्या आधी घरातल्या सगळ्यांनी एकदा बसावं. आपल्या गावाजवळची, जाऊन पाहता येईल अशी एखादी संस्था निवडावी, तिथे खरोखर जाऊन यावं, हिशेब विचारायचा तो तिथे विचारावा आणि झेपेल ती रक्कम ठरवून थेट संस्थेच्या खात्यात दर महिन्याला पाठवावी. मधला माणूस नसला की त्याच्यावरचा खर्चही वाचतो. दारात मिळवलेल्या देणगीदाराच्या सुरुवातीच्या काही महिन्यांचे पैसे त्याला मिळवण्याच्या खर्चातच जातात, हे या धंद्यातले लोकही मान्य करतात. मंडळाच्या पोरांना आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावं आणि पावती मागावी. जबरदस्ती केली तर ती वर्गणी राहत नाही, तिला कायद्यात खंडणी म्हणतात, आणि त्यासाठी पोलीस ठाणं आहे.

आणि एवढं केल्यावर "आमचं एका ठिकाणी चालू आहे" हे वाक्य खरं होतं. मग ते बनियनवर, दार पूर्ण उघडून, त्याच्या डोळ्यांकडे बघून म्हणता येतं. पाणी विचारा, पोहे असतील तर द्या, आणि जे द्यायचं नाही ते पहिल्याच मिनिटाला नाही म्हणून सांगा. महिन्याला आठशे रुपये देणं सगळ्यांनाच जमेल असं नाही. सरळ "नाही" देणं मात्र सगळ्यांना परवडतं, आणि त्याला मँडेटही लागत नाही.